नसलेला हात दुखतो तेव्हा

या वेळचं पत्र एका वाचक भगिनीचं आहे. त्यांच्या धाकट्या दिराचा उजवा हात कडबाकुट्टीत सापडला आणि मनगटाच्या वरून काढावा लागला. जखम भरली, टाके निघाले. पण त्या लिहितात, "भाऊजी रात्री उठून बसतात. म्हणतात, मूठ आवळली गेलीय, नखं तळव्यात रुततायत, कुणीतरी सोडवा. हात तर जागेवर नाहीच. सासूबाई म्हणतात, कापलेल्या हाताची नीट माती झाली नाही म्हणून तो मागं लागलाय, देवऋष्याकडं नेऊ. मामंजी म्हणतात, काम नको म्हणून सोंग करतोय. आम्ही काय करावं?"

ताई, उत्तर आधी देतो, कारण मागून सांगतो. तुमच्या भाऊजींना बाधा झालेली नाही, वेड लागलेलं नाही आणि ते सोंगही करत नाहीत. हात नाही, पण दुखणं खरं आहे. ज्यांचा हात किंवा पाय गेला, त्यांतल्या बहुतेकांना तो आहे असा भास होतो आणि पुष्कळांना त्या नसलेल्या जागी कळा येतात. फ्रान्समधले शस्त्रवैद्य आंब्रुआज पारे यांनी सोळाव्या शतकातच हे लिहून ठेवलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेले शिपाई वायर मिचेल या डॉक्टरांनी तपासले आणि 1871 साली या प्रकाराला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचं नाव दिलं. नावात भूत असलं तरी त्यात भुताचा काही संबंध नाही.

मग नसलेला हात दुखतो कसा? त्याआधी दुसरा प्रश्न विचारू. असलेला हात आपला आहे, हे आपल्याला कसं कळतं? तुम्ही म्हणाल, त्यात कळायचं काय! पण घरातच एक गंमत करून पाहा.

मधलं बोट अंगठ्याजवळच्या बोटावर चढवून आढी घाला. डोळे मिटा. दोन्ही टोकांच्या मधल्या खाचेत कुणालातरी हरभऱ्याचा एक दाणा फिरवायला सांगा. बहुतेकांना दोन दाणे असल्यासारखं वाटेल. ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडिताने तेवीसशे वर्षांपूर्वी हे नोंदवलं आहे. बोटांच्या त्या दोन बाहेरच्या कडांना एरवी एकच वस्तू एकाच वेळी लागत नाही. बोटांची आढी पडली आहे हे मेंदू हिशेबात धरत नाही, आणि नेहमीच्या सवयीने सांगतो की दाणे दोन आहेत.

ज्यांनी बैलाचा नांगर धरला आहे त्यांना दुसरी गोष्ट ठाऊक असेल. हात असतो रुमण्यावर, पण दगड लागतो तो फाळाच्या टोकाला, आणि तो तिथंच लागल्याचं जाणवतं. म्हणजे आपल्या अंगाची हद्द कातडीपाशीच संपते असं नाही. ती हद्द मेंदू ठरवतो, डोळे आणि स्पर्श काय सांगतात ते जुळवून.

1998 साली अमेरिकेत बॉटविनिक आणि कोहेन या दोघांनी हे स्पष्ट दाखवून दिलं. त्यांनी दहा माणसांना टेबलाशी बसवलं, त्यांचा डावा हात आडोशामागे ठेवला आणि समोर एक रबरी हात मांडला. मग खऱ्या आणि रबरी हातावर एकाच वेळी, एकाच लयीत, बारीक कुंचले फिरवले. थोड्या वेळाने माणसं सांगू लागली की स्पर्श रबरी हाताला होतोय आणि तो हात माझाच आहे. डोळे मिटून आपला हात कुठं आहे ते दाखवा म्हटलं, तर बोट रबरी हाताच्या बाजूला सरकलेलं! तुमच्याकडे फवारणीचा नवा, न वापरलेला रबरी हातमोजा असेल तर त्यात कापूस भरा, मध्ये पाट उभा करा आणि करून पाहा. लय चुकली की भास ओसरतो.

आता भाऊजींकडे वळू. मेंदूत साऱ्या अंगाचा जणू गावनकाशा असतो. कॅनडातले शल्यविशारद पेनफिल्ड यांनी जाग्या रोग्यांच्या मेंदूवर विजेचा सौम्य स्पर्श करून तो नकाशा मांडला. त्यात हाताचा आणि चेहऱ्याचा गट शेजारी-शेजारी आहेत. हात कापला तरी नकाशातली त्याची जमीन तशीच राहते. मूळचे तमिळनाडूचे आणि मद्रासला डॉक्टर झालेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत एका तरुणाच्या गालावर कापसाचा बोळा फिरवला, तेव्हा त्याला गालाबरोबर नसलेल्या अंगठ्यालाही स्पर्श जाणवला. बांध फुटून शेजारचं पाणी रिकाम्या वावरात शिरावं तसं हे होतं.

आवळलेल्या मुठीविषयी रामचंद्रन यांचा कयास असा : मेंदू हुकूम देतो, 'मूठ उघड.' पण उघडली, असा निरोप कुठूनच येत नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा हुकूम देत राहतो. मग डोळ्यांकडून तसा निरोप दिला तर? त्यांनी 1990 नंतरच्या वर्षांत साधा आरसा वापरून हे केलं, आणि काही जणांची मूठ सुटली, कळ थांबली. पुढे 2007 साली पाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांवर याची पद्धतशीर चाचणी झाली. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. आरशात पाहणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं. आरसा झाकून तेच हावभाव करणाऱ्या सहांपैकी एकाचंच झालं. चाचणी लहान होती आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. पण खर्च आरशाचा, आणि तो तर घरात आहे.

करायचं ते असं. दाढीचा आरसा लहान पडतो. दीड-दोन फुटी आरसा छातीसमोर, मध्यभागी, उभा टेकवा. काच डाव्या, म्हणजे धड हाताकडे हवी. उजवा हात आरशामागे. भाऊजींनी आरशात पाहावं. तिथं गेलेला हात परत दिसेल. मग धड हाताची मूठ हळूहळू मिटावी, उघडावी, बोटं हलवावीत, आणि दोन्ही हात तेच करताहेत असं मनात धरावं. अंगठी, घड्याळ काढून ठेवावं. पहिल्यांदा हात दिसल्यावर काहींना रडू येतं, काहींना गरगरतं. तसं झालं तर थांबावं, जबरदस्ती नको.

मात्र त्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. उरलेल्या टोकाशी नसेची गाठ झाली, आत पू झाला किंवा कृत्रिम हात घासत असला तरी कळा येतात, आणि त्यांचा इलाज वेगळा. या दुखण्यावर औषधंही आहेत. ती डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सासूबाईंवर रागावू नका. पोटच्या पोराची तळमळ पाहवत नाही म्हणून त्या मार्ग शोधताहेत. त्यांनाही हरभऱ्याचा दाणा फिरवून दाखवा, म्हणजे डोळ्याला एक आणि बोटाला दोन कसे होतात ते कळेल. मामंजींना एवढंच सांगा की सोंग करणारा माणूस मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना, घामाने भिजून उठत नाही.

आणि भाऊजी जेव्हा म्हणतील, मूठ आवळलीय, तेव्हा 'हात कुठं आहे तुला?' असं कुणी म्हणू नका. 'कोणतं बोट दुखतंय?' असं विचारा. निम्मं दुखणं तर कुणी खरं मानत नाही याचंच असतं.

चार आठवड्यांनी कसं आहे ते जरूर कळवा.