विश्लेषण : जीबीएसच्या रुग्णांनी चिकन खाल्ले होते, हा पुरावा का ठरत नाही?

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. काही आठवड्यांत संशयितांची संख्या दोनशेच्या घरात गेली. विहिरीचे पाणी दोषी की चिकन, यावर चर्चा रंगली आणि अनेकांनी चिकनकडे पाठ फिरवली. साथरोगशास्त्र मात्र असा निष्कर्ष इतक्या सहज काढू देत नाही.

साथ आली, हे कशावरून?

जीबीएस नवा नाही. जगभरात वर्षाला लाखामागे साधारण एक ते दोन रुग्ण आढळतात. एखाद्या भागात, ठरावीक काळात अपेक्षेपेक्षा बरेच जास्त रुग्ण आढळले की त्याला उद्रेक म्हणतात. त्यासाठी आधी रुग्ण कोणाला म्हणायचे, हे ठरवावे लागते. म्हणून ‘संशयित’ आणि ‘निश्चित’ असे दोन आकडे येतात. बातम्यांत बहुधा मोठाच आकडा झळकतो!

चिकनवरचा संशय कसा तपासतात?

काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय’ हा जिवाणू सापडला. तो कच्च्या चिकनमधून पसरतो, तसाच दूषित पाण्यातूनही. समजा, १०० रुग्णांपैकी ७० जणांनी चिकन खाल्ले होते. आकडा भयंकर वाटतो. पण त्याच वस्तीतील १०० निरोगी लोकांपैकीही ७० जणांनी खाल्ले असेल, तर चिकनविरुद्ध काहीच सिद्ध होत नाही. आजारी आणि निरोगी यांची ही तुलना म्हणजे ‘केस-कंट्रोल’ अभ्यास.

मग पाण्याचाही असाच हिशेब करता येईल?

येथे गोम आहे. निरोगी शेजारी निवडले, तर तेही त्याच विहिरीचे पाणी पिणारे. दोन्ही गटांत ९५ टक्के लोक तेच पाणी पीत असतील, तर फरक दिसणारच नाही आणि पाणी निर्दोष ठरेल. त्यामुळे तुलनेसाठी वेगळा पाणीपुरवठा असलेल्या भागातील लोकही लागतात. शिवाय जीबीएसची लक्षणे संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तेव्हा काय खाल्ले होते, हे निरोगी माणसाला आठवत नाही. रुग्ण मात्र वारंवार आठवून पाहिलेला असतो.

आधी निरोगी लोक निवडून पुढे काय होते ते पाहणारा ‘कोहॉर्ट’ अभ्यास अधिक विश्वासार्ह. पण कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या सुमारे हजारांत एकालाच जीबीएस होतो. शंभर रुग्ण मिळवायला लाखभर बाधितांवर लक्ष ठेवावे लागेल.

उरतो प्रयोगशाळेचा मार्ग. रुग्णातील आणि पाण्यातील जिवाणूची जनुकीय रचना जुळली, तर दुवा भक्कम होतो. अडचण वेळेची आहे. रुग्णाच्या पायांतील बळ जाऊन तो रुग्णालयात पोहोचेपर्यंत विहिरीत बरेचदा क्लोरीन पडलेले असते.