गाजरगवत आणि सरकारी हात

१९५५ साली पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत आज देशभरच्या शेतांत माजले आहे. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सामान्यतः मानले जाते. आयातीचा निर्णय शेतकऱ्याचा नव्हता. निर्मूलनाचा भार मात्र त्याच्याच माथी! त्याने शेत खुरपून स्वच्छ केले, तरी रस्त्याकडेच्या सरकारी पडीक जमिनीतून बी पुन्हा येतेच. एकेक झाड हजारो बिया प्रसवते. आणि उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या मजूर स्त्रीच्या वाट्याला त्वचारोग येतो. १९८४ साली मेक्सिकन भुंगे सोडून सरकार मोकळे झाले काय? सरकारी जमिनी फुलोऱ्यापूर्वी सरकारी खर्चाने साफ करा, मजुरांना हातमोजे व पुरेशी मजुरी द्या, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत लावून धरली पाहिजे.