काँगोच्या मजुराचा घाम कोणाच्या घशात?
मोबाईलमध्ये लागणारा टँटलम धातू कोल्टन नावाच्या खनिजातून निघतो. त्याची मोठी खाण आफ्रिकेत, पूर्व काँगोत रुबाया येथे आहे. तेथे गरीब मजूर हाताने डोंगर पोखरतो. पण आयत्या बिळावर नागोबा! एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोरांनी रुबाया बळकावून मालावर कर बसविला. तो माल रवांडात नेतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी नोंदविले. जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांनी गोमा शहर घेतले. लाखो लोक घरादारास मुकले. 'ही जातीजमातींची भांडणे' म्हणून जग कानांवर हात ठेवते. पण नफा कोणाचा, हे कोणी विचारावयाचे? कष्टकऱ्यानेच! ही हकीकत चावडीवर वाचून दाखवा, आणि चालता मोबाईल टाकून नवा घेऊ नका.