उत्तर आधी, प्रयोग नंतर!

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभरातील महाविद्यालयांत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये याच दिवशी आपला जगप्रसिद्ध शोध जाहीर केला. १९८७ पासून हा दिवस त्याच्या स्मरणार्थ पाळला जातो. प्रतिमापूजन होते, पाहुण्यांचे व्याख्यान होते, भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात. दुसऱ्या दिवशी त्याच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी.चा विद्यार्थी गतवर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेऊ लागतो. या दोन दृश्यांत काही विसंगती आहे, असे ना विद्यार्थ्याला वाटते, ना प्राध्यापकांना, ना पालकांना. खरी चिंतेची बाब हीच आहे.

रामन यांच्या विद्यार्थिदशेतील एक घटना या संदर्भात आवर्जून आठवावी अशी आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकत असताना स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा कोन मोजण्याचा नेहमीचाच प्रयोग चालला होता. कोन मोजता मोजता त्यांना प्रकाशाचे काही पट्टे दिसले. ते दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. प्रयोगाच्या कृतीत त्या पट्ट्यांचा उल्लेख नव्हता आणि त्यांना गुणही नव्हते. तरीही रामन तेथे थांबले. ते पट्टे असे का दिसतात, याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि त्यातून सिद्ध झालेला शोधनिबंध नोव्हेंबर १९०६ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे १८ वर्षे.

स्पेक्ट्रोमीटर आणि लोलक आजही आपल्या पदार्थविज्ञान विभागांत आहेत. लोलकाचा कोन आजही मोजला जातो. फरक इतकाच की, उत्तर ६० अंश यायला हवे हे विद्यार्थ्याला दुर्बिणीला डोळा लावण्यापूर्वीच ठाऊक असते. साध्या दोलकाने गुरुत्वीय त्वरण काढायचे तर ९८० च्या आसपास आकडा यावा लागतो. नाही आला तर गणित उलट दिशेने करून रीडिंग ‘बसवले’ जाते. जर्नल वेळेत सर्टिफाय होते, व्हायवामध्ये ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे दिली जातात आणि गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी उमटते. जो विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘माझे उत्तर ९४० आले’ असे लिहितो, त्याचे गुण कापले जातात. ज्या विषयाचा पायाच सत्यनिष्ठा हा आहे, त्या विषयाच्या शिक्षणात असत्याला बक्षीस आणि सत्याला शिक्षा मिळावी, यापरते दुर्दैव कोणते? हा दोष केवळ अध्यापनाचा नाही. तो संस्कारांचा प्रश्न आहे.

आपल्या परंपरेला हे मान्य नव्हते. सुश्रुतसंहितेत शल्यविद्येच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष रुग्णाला हात लावण्यापूर्वी कोणता सराव करावा, यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्याचा अभ्यास करावा, मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर शिरावेधाचा हात बसवावा, असे त्यात सांगितले आहे. ग्रंथ मुखोद्गत असूनही ज्याने हा अभ्यास केलेला नाही, तो प्रत्यक्ष कर्माला अपात्र ठरतो, हेही सुश्रुताने स्पष्ट केले आहे. सुश्रुताचा गौरव व्यासपीठांवरून भरपूर होतो. त्याची अध्यापनपद्धती मात्र आपल्या प्रयोगशाळांतून हद्दपार झाली आहे. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने याची अधिक खंत बाळगायला हवी.

प्रयोगशाळेची ही गत, तर वर्गाची अवस्था वेगळी कशी असणार? फळ्यावरचे वहीत आणि वहीतले उत्तरपत्रिकेत, हा प्रवास डोक्याला वळसा घालूनही पूर्ण होतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना १९९० च्या सुमारास असे आढळले की, अवघड गणिते लीलया सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मूलभूत संकल्पनांवरचे साधे प्रश्न सुटत नाहीत. त्यांनी आपली रीत बदलली. वर्गात एक प्रश्न मांडायचा, प्रत्येकाने स्वतः विचार करून उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. फळा, खडू आणि विचारपूर्वक तयार केलेला प्रश्न एवढे पुरते. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. केवळ व्याख्यान ऐकवणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के होते. प्रश्नोत्तरातून ज्ञान ही कल्पना आपल्याला पाश्चात्त्यांकडून उसनी घ्यावी लागावी, हाही एक दैवदुर्विलासच. ज्या भूमीत सहा जिज्ञासूंच्या सहा प्रश्नांतून एक अख्खे उपनिषद घडले, तेथे आज प्रश्न विचारणारा विद्यार्थी ‘वेळ खाणारा’ ठरतो!

यावर प्राध्यापकवर्गाकडून येणारे आक्षेप खोटे नाहीत. अभ्यासक्रम अवाढव्य आहे. वर्गात शंभर-शंभर विद्यार्थी आहेत. अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवली जातात आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या उच्चशिक्षित तरुणांच्या खांद्यावर विभाग चालवला जातो. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, याची ज्याला शाश्वती नाही, त्याने नवे प्रयोग रचावेत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ही पदे भरणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याबाबत कोणत्याही पक्षाच्या सरकारला सवलत मिळता कामा नये. मात्र एवढे सांगून संस्था आणि समाज यांची जबाबदारी संपत नाही.

देशात चांगले प्रयत्न झालेले आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लावणारा राष्ट्रीय उपक्रम चालवला. २००६ मध्ये पुणे व कोलकाता येथे ‘आयसर’ संस्था सुरू झाल्या आणि पुढे त्यांची संख्या सातवर गेली. पण या संस्थांत पोहोचणारे विद्यार्थी मूठभर. विज्ञानाचे बहुसंख्य पदवीधर तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावच्या संलग्न महाविद्यालयांतूनच बाहेर पडतात. उद्याचे शाळामास्तर, औषध कारखान्यातील रसायनतज्ज्ञ, कृषी प्रयोगशाळेतील साहाय्यक हेच असणार आहेत. राष्ट्राची वैज्ञानिक उंची शिखरांवरून मोजली जात असेल, पण तिचा पाया येथे आहे.

सुधारणेची किल्ली परीक्षेत आहे. जे तपासले जाईल तेच शिकले जाईल, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अलिखित नियम आहे. तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेत निदान एक प्रयोग असा असावा, ज्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही. गुण अपेक्षित आकड्याला देऊ नयेत. मोजमापातील त्रुटी कोठून आली आणि ती किती, हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला द्यावेत. ईडीटीए वापरून पाण्याचा जडपणा काढणे हा रसायनशास्त्राचा नेहमीचा प्रयोग आहे. तो बाटलीतल्या तयार नमुन्यावर करण्याऐवजी गावातील दहा विहिरींच्या पाण्यावर वर्षभर केला, तर खर्च फारसा वाढणार नाही. पण विद्यार्थ्याच्या हाती असे उत्तर येईल, जे त्याच्या आधी कोणालाच माहीत नव्हते. गावालाही त्याचा उपयोग होईल. दुष्काळी तालुक्यातील महाविद्यालयाला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती मिळणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे हे करण्याची संधी चालून आली आहे. महाराष्ट्रात ते २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान मिळाले आहे. पण जर्नल उतरवण्याची सवय मोडली नाही, तर ‘संशोधन प्रकल्प’ही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागतील. धोरण दिल्लीत लिहिता येते. त्याचा आत्मा वर्गातच जपावा लागतो.

येथे संस्थाचालक, कार्यकर्ते आणि पालक या सर्वांचे काम सुरू होते. शिक्षणसंस्था चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी नव्या इमारतीच्या कोनशिलेइतकेच लक्ष प्रयोगशाळेतील ब्युरेट आणि भिंगांकडे द्यावे. निवृत्त प्राध्यापक व उद्योगांतील अनुभवी मंडळींनी आठवड्याचा एक दिवस जवळच्या महाविद्यालयाला द्यावा. इंग्रजी पुस्तकातील संकल्पनेवर मराठीत चर्चा होऊ द्यावी. समजून घेण्याची भाषा आईचीच असते. आणि पालकांनी धीर धरावा. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेल्या एका अभ्यासात, विचार करायला लावणाऱ्या वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले होते; त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असे वाटत होते. म्हणून ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’ अशी तक्रार मुलाने घरी आणली, तर ती लगेच प्राचार्यांकडे नेऊ नये. कदाचित त्या वर्गात प्रथमच विज्ञान शिकवले जात असेल.

विज्ञानाची पदवी म्हणजे वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला प्रवेश न मिळालेल्यांची धर्मशाळा, ही समजूत आता मोडायला हवी. ती भाषणांनी मोडणार नाही. ‘माझे उत्तर ९४० आले आणि ते का आले, हे मी सांगू शकतो’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या दिवशी पूर्ण गुण मिळतील, त्या दिवशी रामन यांचे स्मरण खऱ्या अर्थाने साजरे होईल.