मीठ बघायचे कुणी?

रमजानमध्ये दुपारनंतर अनेक घरांत एक अडचण ठरलेली असते. इफ्तारचा स्वयंपाक करणारीचा स्वतःचाच रोजा, मग मीठ बघायला लहान मुलाला हाक जाते. मूल नसले की अंदाज, आणि तो बहुधा जास्तीकडेच चुकतो. खरे तर कमीकडे चुकू द्यावा. लिंबू दस्तरखानावर असतेच.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. बहुतेक घरांत तेवढे वरण-भाजीतच जाते. भजी, चाटमसाला, पापड, लोणचे वेगळेच. सहरीला खारट खाल्ले तर दुपारी घसा कोरडा पडतो, हे रोजेदाराला सांगायला नको. रक्तदाब मात्र तहानेसारखी हाक देत नाही. कित्येकदा तो कळतो थेट अर्धांगवायूच्या झटक्यानंतर.

शेजारी एकादशीला सैंधव चालते म्हणून हात सैल सुटतो. तेही बव्हंशी सोडियम क्लोराइडच. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते. रोज चिमूटभर कमी करत गेले, तर ईदच्या बिर्याणीपर्यंत घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही.