एकाचे दोन दिसू लागले, तर नाकही तपासा

डोकेदुखीचा पेशंट ग्रामीण रुग्णालयात सगळ्यात आधी चष्म्याच्या खोलीत येतो. डोकं दुखतं म्हणजे नंबर लागला असेल, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी संपेपर्यंत मी त्या खोलीत बसले. बहुतेकांचं दुखणं खरोखर चष्म्याचं, जागरणाचं, रक्तदाबाचं किंवा अर्धशिशीचं निघायचं. पण थोड्यांचं दुखणं डोळ्याच्याही मागे, नाकाच्या पार शेवटच्या पोकळीत असायचं. अशी माणसं आपल्या नगर जिल्ह्यात फार उशिरा योग्य डॉक्टरसमोर पोचतात. ऑपरेशन उपलब्ध असूनही कुणाची नजर जाते, म्हणून हे लिहिते आहे.

पाथर्डी तालुक्यातली एक ऊसतोड मजूर बाई मला आठवते. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडे तोडीला गेली, तेव्हापासून टाळूत ठणका. रात्री झोपेतून उठवायचा, मोळी उचलायला वाकलं की वाढायचा. कारखान्याजवळच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, दुसऱ्याने इंजेक्शन दिलं, तिसऱ्याने दाढ काढली. कोयता थांबला तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतात, म्हणून ती दुखणं अंगावर काढत राहिली. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गावी आली तेव्हा तिला रस्त्यावरच्या एका मोटारसायकलीच्या दोन दिसत होत्या. ‘बाई, चष्मा द्या म्हंजे निघते,’ म्हणाली. मी बोट डावीकडे नेलं. उजवा डोळा बोटाबरोबर गेला, डावा मध्यावर येऊन थांबला. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस काम करत नव्हती. नाक बंद नव्हतं, सर्दी नव्हती. एका खासगी दवाखान्यात तिचा एक्स-रे काढून ‘सायनस नॉर्मल’ असं लिहून दिलं होतं. सीटी स्कॅन व्हायला आणखी बरेच दिवस गेले, कारण डोळ्याचे डॉक्टर मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवत होते आणि तिथून चिठ्ठी पुन्हा डोळ्याकडे येत होती. स्कॅनमध्ये स्फेनॉईड सायनस काठोकाठ भरलेला दिसला. आत बुरशीचा गोळा होता.

सायनस म्हटलं की आपण गाल आणि कपाळ दाबून बघतो. स्फेनॉईड तिथे नसतो. नाकपुडीपासून साधारण सात सेंटीमीटर आत, कवटीच्या मधोमध तो असतो. वाड्यातल्या मधल्या खोलीसारखी त्याची एकही भिंत स्वतःची नाही. वर पीयूषिका ग्रंथी आणि दृष्टीची नस, बाजूला मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, तिच्यालगत डोळा हलवणाऱ्या नसा. काही माणसांत मधलं हाड कागदासारखं पातळ असतं, काहींत जागोजागी नसतंच. म्हणून आत पू किंवा बुरशी साठली की नाक गप्प राहतं आणि डोळा बोलतो. पापणी उतरते, डोळा तिरळा होतो, रंग फिके दिसतात, नजर अंधूक होते. साध्या एक्स-रेत ही पोकळी नीट दिसत नाही. ती सीटी स्कॅनमध्ये दिसते, आणि तिचं दार दिसतं नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून.

इथवर पोचायला पूर्वी वरच्या ओठाखाली हिरडीतून किंवा नाकाच्या बाजूने चीर द्यावी लागे. हॅरॉल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने काचेच्या कांड्यांची दुर्बीण बनवली, ऑस्ट्रियातल्या ग्रात्झमध्ये मेसरक्लिंगर यांनी तिच्यातून सायनसचा अभ्यास केला आणि 1980च्या दशकात ही शस्त्रक्रिया जगभर गेली. आता चेहऱ्यावर एक ओरखडा न उठता काम होतं. भूल देतात, नाकातलं अस्तर आकसण्यासाठी औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात, चार मिलिमीटरची दुर्बीण आत नेतात, सायनसचं मूळचं तोंड शोधून रुंद करतात, आतला पू किंवा गोळा काढून तपासणीला पाठवतात. पुढे काही आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं आणि दुर्बिणीने पुन्हा पाहून घ्यायचं. धमनी आणि दृष्टीची नस केसाच्या अंतरावर असल्याने धोका आहेच, म्हणून हे काम अनुभवी हाताचं आणि आधी स्कॅन नीट वाचणाऱ्याचं. त्या बाईचा ठणका ऑपरेशननंतर लवकरच थांबला, डोळा सरळ व्हायला काही आठवडे लागले. तिचं नशीब की दाब डोळा हलवणाऱ्या नसेवर होता. दृष्टीची नस फार दिवस दाबली गेली तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर परत येईलच असं नाही.

नाकातून जाणारी ही वाट आपल्या लोकांना नवी नाही. 2021च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला तेव्हा नगरच्या गल्लीबोळांत ‘दुर्बिणीतून नाकाचं ऑपरेशन’ हे शब्द पोचले होते. डोळा सुजला, दोन दिसायला लागलं, नाकातून काळपट स्राव आला की पळा, हे आशाताईंनी घरोघर सांगितलं. केंद्राने हा आजार साथरोग कायद्याखाली कळवणं बंधनकारक करायला सांगितलं, राज्याने महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार मोफत केले. त्या आणीबाणीत डोळ्याचा डॉक्टर आणि नाकाचा डॉक्टर एकाच पेशंटच्या उशाशी उभे असायचे. साथ ओसरल्यावर ही सवय सुटली, आणि ते मला सगळ्यात जास्त खुपतं. एकाचे दोन दिसणाऱ्या माणसाला आज पुन्हा चष्म्याच्या रांगेत उभं केलं जातं.

त्यात अंतराची भर. क्षेत्रफळाने नगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके. वैद्यकीय महाविद्यालयं लोणी आणि विळद घाटात आहेत. जामखेडच्या माणसाला लोणी सव्वाशे किलोमीटरच्या वर पडतं. जन आरोग्य योजनेचं कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर गेलं याचा मला मनापासून आनंद आहे, पण ते कामी येतं मुख्यतः दाखल झाल्यावर. दाखल होण्याआधीची वणवण, गाडीभाडं, फुकट गेलेल्या गोळ्या हे सगळं खिशातूनच जातं. त्या बाईचे पैसे ऑपरेशनला गेले नाहीत, ऑपरेशनपर्यंत पोचण्यात गेले.

6 मे 2025 रोजी चौंडीतल्या मंत्रिमंडळ बैठकीत जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. इमारत उभी राहायला वर्षं लागतील. पाथर्डी आणि कर्जतसारख्या ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा आठवड्यातला एक ठरलेला दिवस, तपासणीची दुर्बीण आणि सीटीची सरळ चिठ्ठी यासाठी तेवढं थांबायची गरज नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीत हे बसू शकतं. एकाचे दोन दिसणाऱ्या, पापणी पडलेल्या किंवा अचानक अंधूक दिसणाऱ्या रुग्णाला नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याने थेट स्कॅनला पाठवावं, असा लेखी आदेश निघाला पाहिजे. माझ्या जागी आज बसलेल्या मुलामुलींना तो अधिकार नसेल तर ते फक्त नंबर काढत बसतील. गावपातळीवर काय शक्य असतं हे याच जिल्ह्याने दाखवलंय. 1970 साली जामखेडला आलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. आशाताईंना चार लक्षणं शिकवणं त्याच्यापुढे फार अवघड नाही.

घाबरून प्रत्येक डोकेदुखीला स्कॅन करा, असं मी म्हणत नाही. सायनसच्या शंभर रुग्णांत फक्त या एका पोकळीचा आजार दोन-तीन जणांनाच असतो. पण टाळूत किंवा डोळ्यामागे एकाच जागी दुखणं आठवड्यामागून आठवडे हटत नसेल, गोळीला दाद देत नसेल, रात्री उठवत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला स्पष्ट विचारा: ‘नाकाच्या मागचा सायनस पाहिलात का?’ मधुमेह असेल तर हे विचारायला उशीर करू नका. आणि एकाचे दोन दिसू लागले, पापणी उतरली किंवा नजर अंधूक झाली, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.