पाय कुठे ठेवायचे?

पावसाळा सरला की पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून मोटारसायकलींचे तांडे बाहेर पडू लागतात. कुणी आंबोलीमार्गे गोव्याकडे निघते, कुणी वरंधा घाटाने कोकणात उतरते, तर ज्यांना रजा मिळते ते पुढच्या उन्हाळ्यातल्या लडाखचे बेत आखतात. या मंडळींच्या गप्पांत इंजिनाची ताकद येते, टायर येतात, मायलेज तर येतेच. पाय ठेवण्याच्या जागेचा विषय मात्र दीड-दोनशे किलोमीटर झाल्यावर, गुडघा ठणकू लागला की निघतो. मग सोबतचा कुणीतरी हमखास सांगतो, ‘फूटबोर्ड बसवून घे, पाय पसरून बसता येते.’ हा सल्ला ऐकायला गोड आहे. पण लांबच्या प्रवासात सरसकट सगळ्यांनी तो मानावा असा नाही, आणि त्यामागचे कारण बाजारात नाही, आपल्या शरीरात आहे.

आधी दोन्ही वस्तू नीट पाहू. फूटपेग म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना असतो तो रबर चढवलेला आडवा दांडा. गॅरेजमध्ये त्याला फूटरेस्ट म्हणतात. फूटबोर्ड म्हणजे अख्खा तळपाय मावेल अशी रुंद पट्टी. स्कूटरला ती पायांसमोर सलग असते, मोठ्या अमेरिकी मोटारसायकलींना इंजिनाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी असते. ही पट्टी मुळात आरामासाठी आली असे समजणे चुकीचे ठरेल. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हार्ले-डेव्हिडसनसारख्या गाड्यांचा क्लच डाव्या पायाने चालवावा लागे आणि गिअर हाताने बदलावा लागे. पुढे-मागे हलणारा तो क्लच दाबायला पायाखाली भक्कम आधार हवा होता. १९५२ मध्ये हार्लेच्या मोठ्या गाड्यांना हाताचा क्लच आणि पायाचा गिअर मिळू लागला, तरी पट्टी टिकली. अमेरिकेत पुढे सरळ, सपाट, शेकडो मैल न वळणारे महामार्ग झाले आणि त्या रस्त्यांवर ही पट्टी शोभून दिसली. ब्रिटिश गाड्यांचा घाट वेगळा होता. तिथले रस्ते अरुंद आणि वळणाचे, गाड्या हलक्या, त्यामुळे दांडा पुरेसा होता. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट त्याच घराण्यातली, म्हणून आपली सवयही दांड्याची.

गुडघ्यापासून सुरुवात करू, कारण तक्रार तिथूनच येते. गुडघा जितका अधिक दुमडलेला, तितकी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. दुमडलेल्या गुडघ्याने बराच वेळ बसून उठताना वाटीच्या मागे दुखते, या लक्षणाला डॉक्टरांनी ‘थिएटर साइन’ असे नाव दिले आहे, कारण सिनेमागृहातून बाहेर पडताना ते अनेकांना जाणवते. सिनेमा तीन तासांत संपतो, पुणे-गोवा प्रवास संपत नाही. सीट खाली आणि दांडे उंच व मागे असलेल्या गाडीवर उंच माणसाचा गुडघा काटकोनापेक्षाही जास्त दुमडतो. अशा माणसाला पाय पुढे सोडता आले तर वाटीवरचा ताण खरोखरच कमी होतो. फूटबोर्डाची दुसरी जमेची बाजू अशी की, त्यावर पाय हलवता येतो. टाच मागे ओढा, पंजा पुढे न्या, घोटा थोडा वळवा. दांड्यावर एवढी मोकळीक नसते.

ही हालचाल किरकोळ समजू नये. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते. पाय निश्चल राहिला की हा पंप बंद पडतो आणि घोट्याशी सूज येते. विमान, रेल्वे, बस, मोटार यांत चार तासांहून अधिक काळ निश्चल बसल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतून २००७ मध्ये पुढे आले. दुप्पट झाला तरी तो सहा हजारांत एखाद्याला, हेही त्याच अहवालात आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. मोटारसायकलस्वार बसमधल्या प्रवाशापेक्षा जास्त हलतो. तरीही सरळ महामार्गावर पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये तासभर डावा पाय काहीच करत नसतो, हे खरे आहे.

तळपायाचा हिशेबही फूटबोर्डाच्याच बाजूने जातो. दांड्याची रुंदी तीन-चार सेंटिमीटर. पायाचा सगळा भार तेवढ्या पट्ट्यावर पडतो. चप्पल किंवा मऊ तळाचे कॅनव्हासचे बूट असतील तर तो दांडा संध्याकाळपर्यंत तळपायाला रुतून बसतो. मधुमेहींसाठी ही गोष्ट जास्त गंभीर आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायाची संवेदना मंदावते. दांडा रुततोय, बुटात खडा आहे, पोटरी सायलेन्सरला टेकतेय, हे कळतच नाही आणि मुक्कामी पोहोचल्यावर फोड दिसतो. पन्नाशीनंतर मोठी गाडी घेऊन फिरायला निघणाऱ्यांची संख्या आता कमी नाही. त्यांनी दांडा की पट्टी ठरवण्याआधी जाड, कडक तळाचे बूट घ्यावेत. भार पसरवण्याचे जे काम फूटबोर्ड करतो, त्यातले बरेचसे चांगला बूट करतो.

इथवर वाचून फूटबोर्डाचा निकाल लागला असे वाटेल. पण गुडघ्याच्या वर खुबा आहे, खुब्याच्या वर कणा, आणि आपले रस्ते कण्याशी जास्त बोलतात.

खुर्चीत बसून पाय समोर लांब पसरा आणि हातांचा आधार न घेता उठून पाहा. उठता येत नाही. आधी पाय मागे ओढून अंगाखाली घ्यावे लागतात, मगच शरीर वर येते. मोटारसायकलवरही हाच नियम चालतो. दांडे खुब्याच्या जवळपास खाली असतील, तर समोर खड्डा दिसताच स्वार पायांवर जोर देऊन सीटवरून दोन इंच वर उठू शकतो. त्या क्षणी त्याचे गुडघे आणि घोटे स्प्रिंगचे काम करतात आणि धक्का पायांत जिरतो. पाय पुढे फूटबोर्डावर असतील तर हे जमत नाही. फार तर हँडल ओढून अंग उचलायचा प्रयत्न होतो, आणि खड्ड्यात जाताना हँडल ओढणे म्हणजे संकटाला आमंत्रण. मग धक्का सीटमधून थेट माकडहाडाला आणि मणक्यांना बसतो.

त्यात आणखी एक गोष्ट. पाय पुढे पसरले की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, ते कमरेचे हाड मागे फिरवतात आणि कमरेची नैसर्गिक आतली बाक सपाट होते. पाठ पोक काढल्यासारखी गोल होते. मणक्यांमधल्या चकतीवर कोणत्या आसनात किती दाब पडतो, हे स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात प्रत्यक्ष सुई घालून मोजले होते. बसण्यात उभे राहण्यापेक्षा दाब जास्त, हा त्यांचा निष्कर्ष वर्षानुवर्षे सांगितला गेला. १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत मात्र ताठ बसणे आणि उभे राहणे यांत फारसा फरक आढळला नाही; बसून पूर्ण पुढे वाकल्यावर दाब बराच वाढला. म्हणजे बसणे हा गुन्हा नाही, वाकलेल्या पाठीवर भार घेणे त्रासाचे आहे. त्या वाकलेल्या पाठीवर खड्डे आणि गतिरोधक यांचे हादरे आले की काय होते, हे वेगळे सांगायला नको. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या कंपनाला सर्वाधिक साथ देतो, आणि उखडलेला रस्ता, घसरलेला डांबराचा थर नेमकी तशीच संथ, मोठी कंपने देतो. इंजिनाची कंपने वेगळी. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०. ती तळव्याला मुंग्या आणतात आणि जाड रबरावर बसवलेला फूटबोर्ड ती बऱ्यापैकी अडवतो. कण्याला त्रास देणारी कंपने त्याने अडत नाहीत. युरोपीय महासंघाने २००२ मध्ये वाहनांवर काम करणाऱ्यांसाठी अंगभर बसणाऱ्या कंपनांची मर्यादा घालून दिली. आपल्याकडे दिवसाचे दहा तास दुचाकीवर काढणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलांच्या पाठीचा असा हिशेब कुणी मांडत नाही, तो विषय स्वतंत्र लेखाचा.

फूटबोर्डाची कल्पना ज्या गुळगुळीत रस्त्यांवर रुजली, तसे दोन रस्ते महाराष्ट्रात आहेत: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग. दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला येतो तो जुना महामार्ग, गावागावांतले गतिरोधक, घाट आणि पावसाने धुतलेल्या कडा. अमेरिकेतल्या छायाचित्रात पाय पसरून निवांत बसलेला स्वार पाहून आसन ठरवायचे आणि गाडी खंबाटकीच्या जुन्या वळणांवर न्यायची, यात मेळ बसत नाही. घाटातल्या वळणावर गाडी कलली की रुंद पट्टीची कडा दांड्यापेक्षा लवकर रस्त्याला घासते. चांगल्या पट्ट्या बिजागरीवर असतात आणि घासल्या की वर दुमडतात. गॅरेजमध्ये लोखंडी ब्रॅकेट वेल्ड करून बसवलेली ताठर पट्टी मात्र घासण्याऐवजी गाडीच उचलते आणि मागचे चाक पकड सोडू शकते. असा उद्योग कुणी स्वस्तात करून देत असेल तर नम्रपणे नको म्हणावे.

ब्रेकचा मुद्दा छोटा पण महत्त्वाचा. दांड्यावर पाय असताना उजवा पंजा पेडलच्या वरच असतो, फक्त दाबायचा. कित्येक फूटबोर्डांवर पाय आधी उचलून मग पेडलवर न्यावा लागतो. त्यात पाव सेकंद गेला तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. सराव झाला की हा वेळ कमी होतो. भाड्याने घेतलेल्या गाडीवर पहिल्याच दिवशी तो सराव नसतो, एवढे लक्षात असावे. गिअरच्या बाबतीत भारतीय स्वाराला फूटबोर्ड परका वाटत नाही, कारण टाच आणि चवडा दोन्हींनी चालणारा लिव्हर आपल्या साध्या गाड्यांना वर्षानुवर्षे आहे. चपलेच्या पंज्याने गिअर वर उचलायचा नसतो, टाचेने दाबला की झाले.

तेव्हा चालवणाऱ्यासाठी, निदान आपल्या रस्त्यांवर, खुब्याच्या जवळपास खाली असलेला दांडा बरा. ज्याचा गुडघा त्यावर तक्रार करतो त्याने लगेच फूटबोर्डाकडे धावण्यापेक्षा आधी सीट पाहावे. सीट दोन-तीन सेंटिमीटर उंच केले तरी गुडघ्याचा कोन उघडतो. सिग्नलला दोन्ही पाय टेकतात ना, एवढे तपासावे लागते. त्याने भागले नाही तर कंपनीचे खालचे दांडे मिळतात, पण ते वळणावर आधी घासतात. लेगगार्डला पुढे आणखी दोन दांडे लावून घेण्याची पद्धतही आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटे पाय पुढे टाकायला ते छान. गर्दीत तिथे पाय ठेवून ब्रेकपासून दूर राहणे धोक्याचे. संधिवाताने गुडघा दुमडतच नाही, अशांसाठी मात्र फूटबोर्ड हाच खरा पर्याय उरतो आणि त्यांनी तो निःसंकोच घ्यावा, रस्ता आणि वेग तेवढा निवडून.

या सगळ्या चर्चेत डबलसीट बसणारी व्यक्ती कायम विसरली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाने मागच्या माणसासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला आधार आणि चाकावर संरक्षक जाळी सक्तीची केली. कपडा चाकात जाऊन होणारे अपघात त्यामागे आहेत. पण सक्ती आधाराची आहे, आरामाची नाही. मागचे दांडे सायलेन्सर आणि चाकामुळे उंच बसवावे लागतात, त्यामुळे मागच्याचा गुडघा चालवणाऱ्यापेक्षा जास्त दुमडतो. समोरचा खड्डा त्याला दिसत नाही, म्हणून दांड्यावर उठायची तयारी करता येत नाही. धक्का बसल्यावरच कळतो. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा तर एकच पाय टेकलेला, दुसरा लोंबकळत आणि कमर पिळलेली. या आसनात वीस किलोमीटर ठीक, दोनशे नाही. मागच्याला ब्रेक मारायचा नसतो, गिअर बदलायचा नसतो, वळणावर उठायचे नसते. फूटबोर्डाविरुद्धचे बहुतेक आक्षेप त्याच्यापुरते गळून पडतात आणि फायदे तेवढे उरतात: तळवा टेकतो, घोटा हलतो, गुडघा थोडा मोकळा होतो. हार्लेच्या इलेक्ट्रा ग्लाइडसारख्या मोठ्या टूरिंग गाड्यांत मागच्यासाठी अशी पट्टी असते ती याचमुळे. कंपनीने आपल्या मॉडेलसाठी मागचा फूटबोर्ड दिलेला असेल तर पैसे तिथे खर्च करावेत.

गाडी घेण्याआधीची चाचणी फेरी बहुधा पाच मिनिटांची असते आणि पाच मिनिटांत कोणतेच आसन दुखत नाही. त्यापेक्षा शोरूममध्ये गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, कुणाला तरी ती धरायला सांगून, नेहमीचे बूट घालून पंधरा मिनिटे बसावे. हँडलला न ओढता, फक्त पायांच्या जोरावर सीटवरून उठता येते का ते पाहावे. मग जी व्यक्ती मागे बसून येणार आहे तिलाही तेवढाच वेळ मागे बसवावे आणि तिचे गुडघे काय म्हणतात ते विचारावे. रस्त्यावर दर दीड तासाने थांबून दहा मिनिटे चालावे. मधुमेह असेल तर मुक्कामी बूट-मोजे काढून दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत, खालची बाजू दिसत नसेल तर आरसा धरावा.